धुराची वाट : साण्यापासून बंपरापर्यंत



आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठणची मोसंबी, कन्नडचे आले आणि वैजापूरचा कांदा बाजारात पोचवायचा म्हटला, की पहिले नाव निघते ते पिकअप गाडीचे. ज्याची गाडी त्याची हौस. कोणी कपाळावर झेंडूची माळ घालतो, कोणी मागे मुलाबाळांची नावे रंगवतो. अलीकडे आणखी एक हौस दिसू लागली आहे. गाडीच्या मागच्या बंपरला भोक पाडायचे आणि त्यातून सायलेन्सरचे चकचकीत तोंड बाहेर काढायचे. शहरातल्या गॅरेजांच्या ओळींत हे काम अर्ध्या दिवसात होऊन मिळते. तरुण मुले कौतुकाने पाहतात, वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात.

इतिहासाच्या भाषणात ही नळी कुठून आली, असे आपणांस वाटेल. पण माणसाने अग्नी घरात आणला त्या दिवसापासून एक प्रश्न त्याच्या मागे लागला आहे. आग आपल्याला हवी, पण धूर कोणाच्या अंगावर सोडायचा? ह्या प्रश्नाची उत्तरे काळाप्रमाणे बदलत गेली. बंपरातून निघालेली नळी हे त्यांतले अगदी अलीकडचे उत्तर होय.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवदाचे घर. जाड मातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यांच्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा राही, पण चुलीच्या धुराला वाट नसे. म्हणून चुलीच्या वर छताला एक लहानसे भोक ठेवीत. कोणी त्याला साणे म्हणतात, कोणी सवणे. त्यातून उजेड आत येई आणि धूर बाहेर जाई. पाऊस आला की कोणीतरी माळवदावर चढून त्यावर झाकण घालायचे. झाकण घातले, की धूर घरातच कोंडायचा आणि चुलीपुढे बसलेली बाई डोळे पुसत भाकरी थापायची. म्हणजे घर गळू नये ह्याची किंमत तिच्या डोळ्यांनी मोजावयाची, असा तो व्यवहार होता. धुराची वाट कोण ठरवतो आणि तो धूर कोण पितो, ही दोन माणसे बहुधा वेगळी असतात. पुढच्या इतिहासातही हे आपल्याला वारंवार दिसेल.

नळीचे शास्त्र ह्या शहराला नवे नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. तिचेच पुढे औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नहरीने जमिनीखालून मातीच्या नळ्यांतून पाणी शहरात आणले. त्या वाटेवर जागोजाग दगडविटांचे उंच मनोरे उभारलेले आहेत. नळीत कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि पाण्याचा दाब आटोक्यात राहावा, हे त्यांचे काम. अठराव्या शतकात उभारलेल्या पाणचक्कीलाही अशाच नळीने आलेले पाणी फिरवीत असे. त्या कारागिरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. नळीतून काही वाहवायचे तर शेवटच्या तोंडाचा विचार आधी करावा लागतो. तोंड चुकले, की दाब मागे परततो आणि सांधे फुटतात. मोटारीच्या धुरालाही हाच नियम लागू पडतो.

आगगाडीबरोबर ह्या भागात यंत्राचा धूर आला. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेची मीटरगेज गाडी मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी सिकंदराबादकडे धावू लागली. वाफेच्या इंजिनाचे धुराडे सरळ आभाळाकडे तोंड करून उभे असे. त्यात एक मोठी युक्ती होती. वेल्समध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिक ह्याने १८०४ मध्ये आगगाडीचे पहिले इंजिन चालवले. काम करून दमलेली वाफ त्याने वाया न घालवता धुराड्यातच सोडली. वाफ जोराने वर जाताना धुराला ओढून नेई आणि भट्टीत ताजी हवा खेचली जाई. भक्‌भक्‌ असा जो आवाज आपण ऐकत असू, तो त्या वाफेच्या हिसक्याचा. इंजिनातून बाहेर पडणारी गोष्ट नुसता केर नसून तिच्या जाण्याच्या रीतीवर इंजिनाचा दमही अवलंबून असतो, हे तेव्हाच उमगले. मागच्या डब्यातल्या उतारूंच्या डोळ्यांत मात्र कोळशाचे कण जात. धूर वर सोडला खरा, पण गाडी पुढे धावत होती आणि उतारू मागे बसले होते.

मोटार आली आणि सगळेच बदलले. मोटारीचे इंजिन पोटातच स्फोट करते. मिनिटाला हजारो वेळा झडप उघडते आणि दाबलेला, तापलेला वायू बाहेर उसळतो. तो तसाच सोडला तर बंदुकीसारखा आवाज येतो. म्हणून त्याला आधी एका मोठ्या डब्यात पसरू द्यायचे, तिथे त्याचा जोर मोडायचा आणि मग बाहेर काढायचे, अशी योजना निघाली. अमेरिकेत रीव्ह्‌ज बंधूंनी १८९७ मध्ये अशा उपकरणाचे पेटंट घेतले. त्यालाच आपण सायलेन्सर म्हणतो. आता ह्या डब्याचे तोंड कोठे काढायचे? वर काढले तर बसणाऱ्याच्या नाकात जाणार. पुढे काढणे तर शक्यच नाही. तेव्हा नळी गाडीच्या पोटाखालून मागे नेली आणि प्रश्न मिटला असे मानले गेले. प्रश्न मिटला तो गाडीत बसणाऱ्याचा. रस्त्यावरच्या माणसाचा प्रश्न तेव्हा सुरू झाला.

आपला मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्या घेऊन सरकारी मोटारसेवा सुरू केली. पुढे दुसरे महायुद्ध पेटले, पेट्रोलला शिधापत्रिका लागली आणि देशभर एक विलक्षण दृश्य दिसू लागले. बसच्या मागे किंवा बाजूला एक उंच लोखंडी भट्टी बसवलेली असे. तिच्यात कोळसा धुमसत ठेवायचा आणि त्यातून निघणारा वायू इंजिनात नेऊन जाळायचा. गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी क्लीनर भट्टी पेटवून पंखा फिरवीत बसे. बंपरच्या जागी भट्टी असलेल्या ह्या गाड्या चढाला लागल्या, की उतारूंनाच खाली उतरावे लागे. आता गंमत बघा. त्या भट्टीतला मुख्य जळणारा वायू होता कार्बन मोनॉक्साइड. हा तोच वायू, जो आजही मोटारीच्या धुरात असतो आणि ज्याने बंद जागेत माणसे दगावतात. युद्धकाळात तो आपण इंधन म्हणून वापरला, आणि एरवी तो फुकट हवेत सोडीत आलो.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एस. टी.ची पहिली गाडी निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६१ मध्ये आजचे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आकारास आले. ह्या महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत : पुण्याजवळ दापोडी, नागपूरजवळ हिंगणा आणि आपल्या शहरालगत चिकलठाणा.

चिकलठाण्याच्या कार्यशाळेचे नाव मी मुद्दाम घेतले. एस. टी.ची बस पूर्ण तयार होऊन येत असे असे नाही. कारखान्याकडून नुसता सांगाडा यावयाचा. इंजिन, चाके, लांब पोलादी पट्ट्या आणि सायलेन्सर एवढेच. त्याच्यावर घर बांधावे तशी बॉडी आपल्या कामगारांनी इथे बांधली. आधी ॲल्युमिनियमची, अलीकडच्या काळात पोलादी. आता सांगाडा एकाने केलेला आणि घर दुसऱ्याने. मग दोहोंचा मेळ सर्वांत जास्त कुठे बसवावा लागत असेल? पायऱ्यांशी, दारांशी आणि अगदी शेवटी, धुराच्या नळीच्या तोंडाशी. बॉडी सांगाड्याच्या पुढे वाढली आणि नळी तेवढीच राहिली, तर धूर बसच्या पोटाखाली सुटतो, फळ्यांच्या फटींतून वर चढतो आणि मागच्या बाकावरची पोरे ओकू लागतात. नळी बॉडीच्या कडेबाहेर काढणे हे दिसायला किरकोळ काम, पण चाळीस-पन्नास माणसांचा श्वास त्यावर अवलंबून. तेव्हा बंपरापाशी नळी जुळवण्याची कला आपल्या शहरात हौसेच्या आधी गरजेने आलेली आहे.

मालवाहतुकीची गोष्ट अशीच. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली. टेम्पो हे जर्मन कारखान्याचे नाव, पण तीन चाकांची ती गाडी इतकी चालली, की आपल्या भाषेत मालाची कोणतीही छोटी गाडी टेम्पो झाली. १९६९ मध्ये मॅटाडोर आली. १९८५ मध्ये आपल्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या शेडची वसाहत वाढली. नळी वाकवणे, पत्रा कापणे, जोड देणे ह्या कामांत तरबेज झालेले हात त्या वसाहतींतून तयार झाले. २००५ मध्ये टाटांची एस आली. तिला लोकांनी छोटा हत्ती म्हटले. त्यानंतर शेतकऱ्याच्या दारात स्वतःची गाडी आली, आणि स्वतःची झाली तेव्हा ती सजवण्याची हौसही आली.

बंपरातून नळी काढण्याची ही फॅशन मात्र आपली नव्हे. १९५२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक मोटारीच्या मागच्या बंपरलाच धुरासाठी खाचा ठेवलेल्या होत्या. नळी दिसत नसे, बंपरच धूर सोडी. विमानाचा भास व्हावा म्हणून केलेली ती कारागिरी. दिसायला देखणी, पण थोड्याच वर्षांत त्या खाचांभोवतीचा चकचकीत मुलामा काळा पडून गंजू लागला. त्याचे कारण सोपे आहे. एक लिटर डिझेल जळाले म्हणजे सुमारे लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. थंड नळीत ते निवते, धुरातल्या आम्लात मिसळते आणि लोखंड आतून खाते. हिवाळ्याच्या सकाळी नळीतून थेंब गळताना आपण पाहतोच.

आता ज्यांना हे काम करावयाचे आहे, त्यांनी इतिहासातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट जागेची. इंजिन रबरावर बसलेले असते आणि नळी रबराच्या कड्यांवर लोंबत असते. गाडी सुरू होताना ती हलते. शिवाय तापली की लांबते. तीन मीटरची पोलादी नळी अडीचशे अंशांनी तापली, तर सुमारे ९ मिलिमीटर वाढते. म्हणून बंपरचे भोक नळीच्या मापाचे कधीच करू नये. चहूबाजूंनी बोटभर तरी मोकळीक हवी. घट्ट बसवलेली नळी खडखडते, जोडात तडकते, आणि बंपर प्लॅस्टिकचा असेल तर तो वितळतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापावा, इंजिन चालू करून हलवून पाहावे, मगच करवत लावावी. भोक किती मोठे करायचे हे नळी तापल्यावर ठरते, थंड असताना नव्हे.

दुसरी गोष्ट तोंडाची. तोंड बंपरच्या कडेच्या थोडे बाहेर असावे, आत दडलेले नसावे. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी होते आणि ती धुराला गाडीकडेच ओढते. शाळेतल्या शिक्षकांना हे सहज दाखवता येईल. पाण्याच्या हौदात पाटी उभी धरून ओढा आणि वर थोडा भुसा टाका. भुसा पाटीच्या मागे मागे धावत येतो. पिकअपच्या मागे ताडपत्री बांधून लग्नाला निघालेली माणसे बसतात, तेव्हा ती ह्याच पोकळीत बसलेली असतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मुले पेंगू लागली, तर प्रवासाचा शीण समजून आपण दुर्लक्ष करतो. मालाच्या गाडीत माणसे बसवू नयेत हा कायदा केवळ अपघातासाठी नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यांत सांगितले आहे, की धूर खाली जमिनीकडे सोडू नये, गाडीच्या डाव्या बाजूला सोडू नये. मागे किंवा उजवीकडे सोडावा. डावीकडे का नाही? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो म्हणून. डावीकडे पायी जाणारा असतो, थांब्यावर उभी असलेली म्हातारी असते, दप्तर घेतलेले पोर असते. खाली का नाही? आपले रस्ते धुळीचे, धूर धूळ उडवतो. शेतीच्या ट्रॅक्टरला धूर वर सोडण्याची मोकळीक आहे. पोटाखाली कडबा आणि पाचट असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या सवलतीचा अर्थ कळतो. धुराची नळी इंधनाच्या नळीपासून किमान ३५ मिलिमीटर दूर असावी, असेही नियम सांगतो. ज्या माणसाच्या हातात गाडी नाही त्याचीही कोणीतरी आठवण ठेवली आहे, हे ह्या कोरड्या वाक्यांतून दिसते. साण्याच्या काळी चुलीपुढल्या बाईसाठी असा नियम कोणी लिहिला नव्हता.

गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. नळीच्या टोकावर शोभेचे तोंड बसवणे ही एक गोष्ट आणि सायलेन्सरच्या आतले पडदे काढून टाकणे ही दुसरी. पहिलीसाठीसुद्धा बंपर कापण्याआधी आर. टी. ओ. कचेरीत विचारून घ्यावे. दुसरी उघड गुन्हा आहे. फटाक्यासारखा आवाज काढणारे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण पाहिली असतील.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा हे नवे प्रदूषणमान लागू झाले. ह्या गाड्यांच्या डिझेल इंजिनाच्या नळीत काजळी धरून ठेवणारी जाळी असते. साठलेली काजळी गाडी स्वतःच मधूनमधून जाळते, आणि तेव्हा त्या जाळीतली उष्णता सुमारे ६०० अंशांवर जाते. अशी गाडी कडब्याच्या गंजीला टेकवून उभी करू नये, आणि तिच्या नळीला कोणी कापाकापी करू नये. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. ती जाळी काढून टाकली की सरासरी वाढते म्हणतात. ती वाढली तरी त्याची भरपाई गाडीमागून सायकलवर येणारा विद्यार्थी करतो.

हौस करूच नये, असे माझे म्हणणे नाही. कष्टाने घेतलेली गाडी सजवावी, आरशासारखी पुसावी, नळीला चकचकीत तोंडही लावावे. फक्त काम झाल्यावर गॅरेजातच पैसे देऊन निघून जाऊ नये. इंजिन चालू ठेवून गाडीच्या मागे जावे, सहा-सात पावलांवर उभे राहावे आणि दोन मिनिटे तिथेच थांबावे. डोळे चुरचुरले, कानाला त्रास झाला, तर मिस्त्रीला तिथल्या तिथे सांगावे. ते तोंड पुन्हा उघडून नीट बसवायला फार तर तासभर लागतो.